दि. बा. पाटील : पनवेलने पाच वेळा निवडून दिलेले आमदार

पनवेल : कामोठ्यात आज जिकडे बघाल तिकडे टॉवर. पण गावठाणातल्या जुन्या घरांत 'दिबा' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, उरण तालुक्यातल्या जासईचा. शिकून वकील झाले. शेकापचा लाल बावटा घेऊन १९५७ ला पनवेलमधून पहिल्यांदा आमदार झाले, पुढे एकूण पाच वेळा. विरोधी पक्षनेतेही राहिले.

१९७० ला सिडको आली. भातशेती, मिठागरं संपादनात गेली, मोबदला तुटपुंजा. जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्याच डिसेंबरात इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती. तरी कुलाब्याने १९७७ प्रमाणे पुन्हा दिबांनाच खासदार केलं. साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले ते या लढ्यामुळे. शंभर गुंठे गेले तर साडेबारा परत, त्यातही कपात. पण आधी तेवढंही नव्हतं.

२००९ ला उरण वेगळा मतदारसंघ झाला आणि पनवेल शेकापच्या हातून गेलं. २४ जून २०१३ ला दिबा गेले. २०२१ ला विमानतळाला त्यांचंच नाव द्या म्हणून हीच गावं रस्त्यावर उतरली.