‘व्हिक्टुरा’ : एका होडीचे नाव

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. त्यांच्या बाळपणच्या होडीचे नाव मात्र थोड्यांच्याच कानी आले असेल. ते ‘व्हिक्टुरा’.

केनेडींचा जन्म २९ मे १९१७ चा. घर धनाढ्य, भावंडे नऊ, आणि मॅसॅच्युसेट्समधील हायॅनिस पोर्ट येथे समुद्रकाठी उन्हाळ्याचे बिऱ्हाड. १९३२ साली, पंधराव्या वाढदिवसानिमित्त, ही पंचवीस फुटी लाकडी शिडाची होडी त्यांना मिळाली. शर्यतीत उतरावे ते पहिले येण्यासाठीच, हा वडिलांचा दंडक. तेव्हा पोराने विजयसूचक लॅटिन नाव शोधले यात नवल नाही. गंमत ही, की शाळेत लॅटिन त्याला मुळीच पचत नसे!

आणि शब्दही मोठा लबाड. ‘जिंकणे’ आणि ‘जगणे’ हे लॅटिनमध्येही दोन निराळे धातू. पण दोहोंचे भविष्यवाचक स्त्रीलिंगी कृदन्त एकच होते, व्हिक्टुरा. संस्कृतात ‘जेष्यन्ती’ वेगळी, ‘जीविष्यन्ती’ वेगळी. तिकडे दोघी एकाच वेषात. आम्हां गाण्यातल्या माणसांना याचे फारसे आश्चर्य वाटू नये. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच. गांधार वादी केला की भूप, धैवत वादी केला की देशकार.

मुलाने ‘जिंकणारी’ हा अर्थ धरला. आयुष्य मात्र पुनःपुन्हा दुसऱ्या अर्थावर येऊन थांबले. तीन वर्षांचाही नसताना लोहितज्वराने तो जाता जाता वाचला. ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांपाशी जपानी विनाशिकेने त्यांची नौका दुभंगली. भाजलेल्या सोबत्याच्या जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडी कित्येक तास पोहत राहिले. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ जोसेफ विमानस्फोटात गेला. १९४७ साली आणि पुन्हा १९५४ च्या पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर धर्मगुरूंनी त्यांचे अंत्यसंस्कारविधीही उरकले होते. एवढ्यातून उठून १९६० साली ते अध्यक्षपदी निवडून आले, तेही देशभरातील सव्वा लाखाहून कमी मताधिक्याने.

बैठकींत कंटाळले की ते कागदावर शिडाची होडी रेखाटीत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी ह्यूस्टनच्या हॉटेलातील कागदावरही त्यांनी एक काढली. दुसऱ्या दिवशी डॅलसला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. व्हिक्टुरा बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयाने जतन केली आहे.