घोड्यावरचे बाजीराव

आम्हाला चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज आहेत. थोरले बाजीराव पेशवे नाहीत. पण आमच्याच शिरूर तालुक्यात पाबळला मस्तानीची समाधी आहे, म्हणून बाजीरावांचे नाव आमच्या कवठ्यात लहान पोरांनाही माहीत असते. त्यांच्या लढाया सगळे सांगतात. मी त्यांच्या घोडेस्वारीविषयी लिहिणार आहे, कारण मला घोडा लई आवडतो.

बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी सिन्नरजवळ डुबेरे गावी झाला. वडिलांचे नाव बाळाजी विश्वनाथ आणि आईचे नाव राधाबाई. वडील छत्रपती शाहू महाराजांचे पेशवे होते. मोहिमेवर जाताना ते बाजीरावांना बरोबर नेत. १७१९ साली वडील दिल्लीला गेले, तेव्हा बाजीरावही गेले. एवढ्या लांबची वाट घोड्यावरून करायची म्हणजे चेष्टा नाही. १७२० साली वडील वारले. १७ एप्रिल १७२० रोजी शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. तेव्हा त्यांना वीस वर्षेही पुरी नव्हती. पोरगा लहान आहे, असे दरबारातले काही लोक म्हणत होते.

बाजीरावांची फौज घोडेस्वारांची होती. त्यात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजीरोटीच गेली. म्हणून तो आधी घोड्याचे बघायचा आणि मग स्वतःचे. आपल्याकडची घोडी भीमथडी जातीची. भीमथडी म्हणजे भीमा नदीच्या काठचा मुलूख. आपली घोडनदीसुद्धा पुढे भीमेलाच मिळते. ही घोडी दिसायला लहान असतात, पण काटक. थोड्या चाऱ्यावर राहतात आणि डोंगरात नीट चालतात. आजही मेंढरांचे वाडे गावावरून जातात तेव्हा ओझे घेतलेली अशी घोडी दिसतात.

बाजीराव बरोबर जड सामान घेत नसत. मोठे तंबू नाहीत आणि मोठ्या तोफा नाहीत. घोड्यावर ओझे कमी, म्हणून घोडा लांब पळे.

त्यांची एक गोष्ट सांगतात. निजामाने आपल्या चित्रकाराला बाजीरावांचे चित्र काढायला पाठवले. बाजीराव जसे दिसतील तसेच चित्र काढायचे, असा हुकूम होता. चित्रकाराने काय काढले? बाजीराव घोड्यावर बसलेले आहेत. भाला खांद्यावर आहे. लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडला आहे. दोन्ही हातांनी ज्वारीची कणसे चोळून दाणे खात ते चाललेले आहेत. घोड्याचा तोबरा आणि बांधायची अगाडी-पिछाडी त्यांच्याजवळच आहे. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. आपणही हुरड्याच्या दिवसात कणसे अशीच चोळतो. पण मी दुसराच विचार केला. लगाम सैल सोडला तरी घोडा नीट चालतो, म्हणजे घोड्याला स्वाराची सवय आहे आणि स्वाराला घोड्याची. आणि एवढा मोठा पेशवा, पण घोड्याचा तोबरा नोकराकडे न देता स्वतःजवळ ठेवतो. मुक्काम कुठेही पडो, घोडा उपाशी राहणार नाही.

आमच्या भागात बैलगाडा शर्यतीत गाड्याच्या पुढे घोडी पळते. माझे चुलते तशी घोडी सांभाळतात. मी बसू का म्हटले की ते मला आधी कामाला लावतात. खरारा करायचा. खूर उचलून खडा अडकला का ते बघायचे. तंग फार आवळला तर पाठ सोलते, म्हणून खोगिराखाली हात घालून बघायचे. पळून आल्यावर लगेच बांधायचे नाही, थोडे चालवायचे. कान मागे पाडले तर घोडी रागावली असे समजायचे. ती बोलत नाही, म्हणून आपणच बघायचे असते. हे शिकल्यावर मला चित्रातला तोबरा कळला.

आता पालखेडची लढाई सांगतो. १७२७ साली निजामाशी युद्ध सुरू झाले. निजामाने पुणे घेतले. दुसरा कोणी असता तर माघारी पुण्याला धावला असता. बाजीराव आले नाहीत. ते खानदेशातून गुजरातेकडे गेले आणि मग निजामाच्याच मुलखावर वळले. निजामाला त्यांच्या मागे पळावे लागले. त्याच्या तोफा जड. शेवटी तोफा मागे ठेवून तो पुढे आला. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावांनी त्याला गाठले. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे त्यांच्याबरोबर होते. निजामाच्या फौजेचे दाणापाणी तोडले. माणसे आणि जनावरे तहानेने व्याकूळ झाली. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावला निजामाने तह केला. पाणी कुठे आहे आणि घोडा किती चालेल, हे ज्याला माहीत होते तो जिंकला.

१७२९ साली बाजीराव बुंदेलखंडात छत्रसाल राजाच्या मदतीला धावून गेले. मस्तानी तिथलीच. तीही घोड्यावर चांगली बसत असे, असे सांगतात. १७३० साली पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला. १७३७ साली मोगलांच्या फौजेला बगल देऊन बाजीराव एकदम दिल्लीजवळ जाऊन उभे राहिले. दहा दिवसांची वाट त्यांनी दोन दिवसांत तोडली, असे म्हणतात.

वीस वर्षे ते घोड्यावरच होते. घोड्याला विसावा दिला, पण स्वतः विसावा घेतला नाही, असे मला वाटते. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडीला तापाने त्यांना मरण आले. वय अवघे एकोणचाळीस. त्यांची समाधी मध्य प्रदेशात रावेरखेडीलाच आहे. मस्तानीही त्याच साली वारली.

मित्रांनो, घोड्याला टाच मारणे कोणालाही येते. घोड्याकडे लक्ष ठेवणारा स्वार मात्र लांब जातो. अशा या थोर घोडेस्वाराला माझा नमस्कार.

इयत्ता चौथी