कांगड्याच्या ढिगाऱ्यांतून कोटगढच्या बागांकडे : सॅम्युअल स्टोक्स यांचा जीवनप्रवास

नवी दिल्ली, ४ एप्रिल : सन १९०५ मध्ये आजच्याच दिवशी, सकाळी सहा वाजून काही मिनिटे झाली असताना, हिमालयाच्या कुशीतील कांगडा खोरे हादरले. कांगडा, धरमशाला आणि पालमपूर ही गावे पाहता पाहता जमीनदोस्त झाली. सुमारे २० हजार माणसे आणि ५० हजारांहून अधिक जनावरे या भूकंपात दगावली. बहुतेक माणसे त्या वेळी घरातच होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि पाटीच्या दगडाने शाकारलेली जड छपरे यांनीच त्यांचा घात केला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील माळवदांनी काय केले, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कांगड्यातील संहार वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ब्रजेश्वरी देवीचे पुरातन मंदिर कोसळले. धरमशालेच्या छावणीतील गुरखा सैनिक बराकींखाली गाडले गेले. कांगड्यातील मिशनच्या निवासस्थानाचीही तीच गत झाली. खोऱ्यात तेव्हा रेल्वे नव्हती; पठाणकोट हे सर्वांत जवळचे स्थानक. तेथून पुढे धान्य, औषधे आणि घोंगड्या घाटरस्त्यांनी न्यायच्या, तर मदत पोहोचण्यास विलंब होणे अटळ होते. या मदतकार्यात सबाथूच्या कुष्ठधामातून आलेला एक अमेरिकन तरुण होता. त्याचे वय अवघे २२ वर्षे होते.

सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स यांचा जन्म १६ ऑगस्ट १८८२ रोजी फिलाडेल्फियातील एका सधन क्वेकर कुटुंबात झाला. वडिलांच्या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. सबाथू येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या डॉ. कार्लटन यांच्याशी परिचय झाला आणि १९०४ च्या प्रारंभी ते त्यांच्यासमवेत मुंबईच्या बंदरात उतरले. त्या काळी मिशनरी म्हणून येणाऱ्या गोऱ्या माणसाचे जीवन ठरलेले असे. बंगला, नोकरचाकर, उन्हाळ्यात थंड हवेचे ठिकाण आणि सभोवतालच्या लोकांशी दात्याचे नाते. स्टोक्स यांना आरंभी हेच जीवन लाभले.

पुढील वर्षी भूकंप झाला. सबाथूत येणारे दुःख एकेका रुग्णाच्या रूपाने येत असे. कांगड्यात मात्र गावेच्या गावे उघड्यावर पडली होती. पंजाबातून आर्य समाजाचे कार्यकर्ते आले होते, लाला लजपत राय यांनी मदतनिधीसाठी परिश्रम घेतले होते. परदेशी मिशनरी हा काही एकटा तारणहार नव्हता आणि ज्याच्या अंगणात मृतदेह पडले आहेत, त्याला हात द्यायला शेजारीच आधी धावतो, हे तेथे उघड दिसत होते. स्टोक्स यांच्या पुढील निर्णयांची बीजे येथे शोधणे वावगे ठरू नये.

प्रकृतीच्या कारणाने ते शिमल्याच्या पलीकडील कोटगढला गेले आणि तेथेच स्थिरावले. १९०६ च्या सुमारास त्यांनी मिशनरी राहणीचा त्याग केला. अंगावर भगव्या छटेचा झगा, एक कांबळे, पायी भ्रमण आणि गुहेत वास्तव्य, असा त्यांचा दिनक्रम झाला. साधू सुंदरसिंग हे काही काळ त्यांचे सहप्रवासी होते. लाहोरजवळील प्लेगग्रस्तांच्या छावणीत दोघांनी शुश्रूषा केली.

या वृत्तान्ताने दिल्लीत खळबळ माजविली नसती तरच नवल. काश्मिरी दरवाजाजवळील सेंट स्टीफन्स महाविद्यालयात चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हे इंग्रज प्राध्यापक स्टोक्स यांच्याच वर्षी, म्हणजे १९०४ मध्ये, भारतात आले होते. १९०६ मध्ये सुशीलकुमार रुद्र हे त्या महाविद्यालयाचे पहिले भारतीय प्राचार्य झाले, त्यासाठीही अँड्र्यूज यांनीच आग्रह धरला होता. या दोघांशी स्टोक्स यांचा घनिष्ठ स्नेह जडला. १९१० मध्ये स्टोक्स यांनी एक सेवाव्रती बंधुसंघ स्थापन केला, तेव्हा दिल्लीच्या केंब्रिज मिशनमधील एफ. जे. वेस्टर्न त्यात सामील झाले. राज्यकर्त्यांच्या वसाहतीत राहून जित लोकांना प्रेमाची शिकवण देता येते काय, हा प्रश्न अँड्र्यूज यांना अस्वस्थ करीत होताच. स्टोक्स यांच्या उदाहरणाने तो अधिक तीव्र झाला. पुढे १९१४ मध्ये अँड्र्यूज दिल्लीचे मिशन सोडून शांतिनिकेतनाच्या मार्गाला लागले.

गंमत अशी की, तोवर स्टोक्स यांनीच संन्यास सोडला होता. झगा घातलेल्या गोऱ्या साधूच्या लोक पाया पडतात, त्याला आपल्यातला मानीत नाहीत, ही त्यातील मेख होती. १९१२ मध्ये त्यांनी त्याच परिसरातील अ‍ॅग्नेस बेंजामिन यांच्याशी विवाह केला, जमीन घेतली आणि ते शेतकरी झाले. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेतून त्यांनी १९१६ मध्ये ‘रेड डिलिशस’ जातीची रोपे आणली. डोंगरात सफरचंद त्यापूर्वीही होते. कुलूत कॅप्टन ली यांनी १८७० च्या सुमारास बाग लावली होती. मात्र ती इंग्रजी वाणाची फळे आंबट असल्याने ग्राहकांना रुचत नव्हती. स्टोक्स यांच्या गोड फळाने बाजार मिळविला. त्यांनी रोपे शेजाऱ्यांनाही दिली. आज दिल्लीच्या आझादपूर बाजारात उतरणाऱ्या हिमाचली सफरचंदांच्या पेट्यांमागे हा इतिहास आहे.

परंतु शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात राबायलाच सवड नसेल, तर बाग कशी फुलणार? हिंदुस्थान-तिबेट मार्गावरून जाणाऱ्या अधिकाऱ्यांचे सामान वाहण्याची सक्ती पहाडी लोकांवर होती. ऐन सुगीत हाती विळा असतानाही बोलावणे येई. या बेगारीविरुद्ध स्टोक्स यांनी १९२० पासून लोकांना संघटित केले आणि १९२१ मध्ये त्या भागात सरकारला माघार घ्यावी लागली. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीचे काम करणारा हाच माणूस आता काँग्रेसच्या व्यासपीठावर होता. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनास ते कोटगढचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिले. सरकारी नोकरी सोडण्याचे आवाहन करणाऱ्या १९२१ च्या जाहीरनाम्यावर गांधीजींसह ज्यांनी स्वाक्षऱ्या केल्या, त्यांत भारतीय नसलेले ते एकमेव होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाघा येथे त्यांना अटक झाली व सहा महिन्यांची शिक्षा भोगावी लागली.

सुटकेनंतर राजकारण मागे पडले. लहानगा पुत्र तारा आजारपणात दगावला; त्याच्या स्मरणार्थ १९२४ मध्ये त्यांनी कोटगढच्या मुलांसाठी शाळा काढली. गीता व उपनिषदांचा अभ्यास वाढला आणि १९३२ मध्ये सहकुटुंब हिंदू धर्म स्वीकारून त्यांनी सत्यानंद हे नाव धारण केले. जुन्या स्नेह्यांना हा निर्णय क्लेशदायक वाटला असणार. तथापि ज्या खोऱ्यात ते आयुष्यभर राहिले, तेथील लोकांना त्यात फारसे नवल वाटण्याचे कारण नव्हते; त्यांच्या लेखी स्टोक्स केव्हाच गावचे झाले होते.

१४ मे १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्य तेव्हा पंधरा महिन्यांवर होते.