कार्ल ड्राइस: सायकलची सुरुवात करणारा माणूस, ज्याला रस्ताच मिळाला नाही

सायकल कशी शिकलात, आठवतंय? मला चांगलं आठवतंय. घरात एकच मोठी सायकल. पाय पुरत नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारायची, आणि मागे कॅरिअर धरून धावणारा दादा. त्याने कॅरिअर कधी सोडला हे कळायच्या आत मी पंधरा-वीस फूट पुढे गेलेलो असायचो. मग मागे वळून बघायचो, आणि धडाम!

एकामागे एक लावलेल्या दोन चाकांवर माणूस न पडता जाऊ शकतो, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. पण दोनशे वर्षांपूर्वी कुणी असं सांगितलं असतं तर लोक हसले असते. ते करून दाखवलं जर्मनीतल्या कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने.

आज सायकल म्हटलं की पहिलं नाव येतं ते नेदरलँड्सचं. तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या वर, आणि सायकली दोन कोटींहून अधिक. लोकांच्या रोजच्या फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात. शाळा, ऑफिस, भाजी, डॉक्टर, सगळं सायकलवर. माजी पंतप्रधान मार्क रुटेसुद्धा सायकलने ऑफिसला जायचे.

मग प्रश्न असा, की ज्या माणसाने ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आणली त्याच्या वाट्याला काय आलं? उत्तर फारसं गोड नाही. पण ते माहीत असलं की डच लोकांनी नेमकं काय वेगळं केलं तेही समजतं.

जंगल खात्यातला अधिकारी, डोक्यात मशीन

कार्लचा जन्म २९ एप्रिल १७८५ चा, कार्ल्सरूह शहरातला. तेव्हा आजच्यासारखा एकसंध जर्मनी नव्हता, छोटी-मोठी संस्थानं होती. कार्ल्सरूह ही त्यातल्या बाडेन संस्थानाची राजधानी. घराणं सरदारांचं, वडील मोठे न्यायाधीश. नावामागे बॅरन ही पदवी आपोआप आलेली.

पोराचं पुढे काय करायचं, तर सरकारी नोकरी! (हे सगळीकडे सारखंच.) वनखात्याचं शिक्षण झालं, मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात थोडं भौतिकशास्त्र आणि स्थापत्यही शिकून झालं, आणि कार्ल वनाधिकारी झाला. पण त्याचं लक्ष झाडांपेक्षा यंत्रांत जास्त. १८११ च्या सुमारास त्याला कामातून सुट्टी मिळाली, तीसुद्धा पगारासकट. मग तो मानहाइम शहरात वडिलांजवळ राहायला गेला आणि पूर्णवेळ यंत्रांच्या मागे लागला.

सुरुवातीला त्याने पियानोवर वाजवलेलं संगीत कागदावर आपोआप नोंदवणारं यंत्र केलं. मग १८१३ मध्ये चार चाकांची, घोड्याशिवाय माणसाच्या ताकदीवर चालणारी गाडी केली. तिच्यासाठी पेटंट मागितलं, पण ते नाकारलं गेलं. गाडी जड होती आणि चालवणाऱ्याचा दम काढायची. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन १.० फ्लॉप.

ज्वालामुखीचा संबंध काय?

इथे एक गोष्ट तुम्ही रील्समध्ये ऐकली असेल. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख आणि गंधकाचे कण वातावरणात पसरले, आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, धान्य महागलं. घोड्याचं खाणं म्हणजे ओट, तेही महागलं. त्यामुळे घोड्याला पर्याय म्हणून ड्राइसने दोन चाकांची गाडी केली, अशी ही गोष्ट.

स्फोट खरा, दुष्काळही खरा. पण त्यामुळेच सायकल जन्मली, हा नंतरच्या इतिहासकारांनी लावलेला अंदाज आहे आणि तो सगळ्यांना मान्य नाही. घोड्याशिवायच्या गाडीचा नाद तर कार्लला स्फोटाच्या आधीपासूनच होता. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी ही गोष्ट ठामपणे सांगितली तर थोडं मीठ लावूनच घ्या.

१२ जून १८१७

या दिवशी ड्राइस मानहाइममधून आपल्या नव्या गाडीवर निघाला. श्वेट्झिंगेनच्या दिशेने जाणाऱ्या चांगल्या रस्त्यावर घोडे बदलायचं एक ठिकाण होतं, तिथपर्यंत जाऊन तो परत आला. जाऊन-येऊन साधारण १४ किलोमीटर, आणि वेळ एका तासाच्या आत.

गाडी कशी होती? जवळजवळ सगळी लाकडाची. वजन वीस किलोच्या थोडं वर, म्हणजे आजच्या साध्या सायकलपेक्षा फार जास्त नाही. एकामागे एक दोन चाकं, त्यांना लोखंडी धाव. मध्ये गादीची सीट, समोर कोपरं टेकायला छोटी फळी, पुढचं चाक वळवायला एक दांडा. ब्रेकही होता, दोरी ओढली की मागच्या चाकावर दाबला जायचा.

नव्हतं ते पेडल. सीटवर बसायचं आणि दोन्ही पायांनी आळीपाळीने जमीन मागे ढकलायची, बस्स. आज लहान मुलांसाठी बिनपेडलची बॅलन्स बाईक मिळते ना? अगदी तीच आयडिया. ड्राइसने नाव दिलं लाउफमशीन, म्हणजे धावयंत्र.

पण हे पडत कसं नाही?

खरी इंजिनिअरिंगची गंमत इथे आहे. सायकल तोल सांभाळते यामागचा मोठा भाग हँडलमध्ये आहे. डावीकडे कलायला लागलात की तुम्ही नकळत हँडल डावीकडे वळवता. त्याने चाकं तुमच्या वजनाखाली परत येतात आणि गाडी सरळ होते. दर काही क्षणांना हे बारीक करेक्शन चालूच असतं. हँडल घट्ट बांधून ठेवा आणि चालवून बघा, दोन मीटरमध्ये खाली! (खरंच करू नका.)

म्हणजे ड्राइसने नुसती दोन चाकं जोडली नाहीत. पुढचं चाक वळतं ठेवलं, म्हणून तोल शक्य झाला. आणि पाय जमिनीजवळ ठेवले, म्हणून पडायची भीती गेली. पेडल पुढे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये आलं. साखळीने मागचं चाक फिरवणारी, आजच्या रूपाची सायकल १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केंप स्टार्लीने आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. हे सगळे पुढचे अपडेट. तोलाचा मूळ कोड ड्राइसचा.

व्हायरल, क्लोन, बंदी

जानेवारी १८१८ मध्ये बाडेनच्या राजाने ड्राइसला दहा वर्षांचा हक्क दिला, म्हणजे त्या काळचं पेटंट. सोबत यंत्रशास्त्राचा प्राध्यापक ही पदवी आणि पेन्शनही. वाटलं, आता गाडी रुळावर आली.

पण तो हक्क फक्त बाडेनपुरता. बाहेर सुतारांनी आणि गाड्या बनवणाऱ्यांनी धडाधड नकला केल्या. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन नावाच्या कारागिराने सुधारलेलं मॉडेल काढून त्याचं स्वतःच्या नावाने पेटंट घेतलं. श्रीमंत तरुणांमध्ये गाडीची क्रेझ आली. एखादं ॲप हिट झालं की आठवड्यात त्याचे दहा क्लोन येतात, तसंच काहीसं.

खरा घाव मात्र रस्त्यांनी घातला. तेव्हाचे रस्ते बैलगाड्या-घोडागाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडलेले, पावसात नुसता चिखल. लोखंडी धावेची, टायर नसलेली दोन चाकं त्यावर चालणार कशी? मग चालवणारे चढले फुटपाथवर. तिथे पायी चालणाऱ्यांशी टक्कर, भांडणं. डिसेंबर १८१७ मध्ये, म्हणजे पहिल्या फेरीनंतर सहा महिन्यांत, खुद्द मानहाइमने फुटपाथवर ही गाडी चालवायला बंदी केली. पुढे मिलान आणि लंडननेही असेच निर्बंध लावले.

नीट बघा. रस्त्यावर चालत नाही आणि फुटपाथवर चालवू देत नाहीत. मग चालवायची कुठे? फोन ५जी आणि गावात टॉवर २जीचा, अशी अवस्था. फोनची त्यात काय चूक?

राजकारणाची झळ

१८१९ च्या मार्चमध्ये मानहाइममध्ये एक खून झाला. कार्ल झांड नावाच्या विद्यार्थ्याने कोत्सेबू या नाटककाराला भोसकलं. कोत्सेबू राजसत्तेच्या बाजूचा, झांड बदल मागणाऱ्या तरुणांमधला. १८२० मध्ये झांडला मृत्युदंड दिला गेला. त्या वेळी बाडेनमधले सर्वात मोठे न्यायाधीश होते ड्राइसचे वडील.

झांडला हीरो मानणाऱ्या तरुणांचा राग मुलावर निघाला. ड्राइसला मानहाइममध्ये जगणं नको झालं. १८२२ मध्ये तो थेट ब्राझीलला निघून गेला आणि तिथे जमीन मोजणीचं काम करून १८२७ मध्ये परतला.

डोकं मात्र थांबलं नाही. जाण्याआधी, १८२१ मध्ये, त्याने अक्षरांचा कीबोर्ड असलेलं लिहायचं यंत्र केलं होतं. परत आल्यावर भराभर बोललेलं उतरवून घेण्यासाठी आणखी वेगवान यंत्र केलं. आज आपण बोटांनी टाइप करतो त्या कल्पनेच्या अगदी सुरुवातीच्या पायऱ्यांवर हा माणूस उभा होता. मांस बारीक करायचं यंत्र केलं, लाकूड वाचवणारी चूलही केली. रेल्वे आल्यावर रुळांवर पायाने चालवायची गाडीही केली. आपल्याकडे रुळांची पाहणी करायला ढकलत नेतात ती ट्रॉली तुम्ही पाहिली असेल. युरोपात अशा रुळगाडीला आजही त्याच्याच नावावरून ड्रेझीन म्हणतात.

१८३० मध्ये वडील गेले, आणि डोक्यावरचं छत्रही. त्रास वाढला, दारूचं व्यसन वाढलं. काही वर्षं तो शहर सोडून डोंगरातल्या एका खेड्यात राहिला, मग १८४५ मध्ये कार्ल्सरूहला परतला.

बॅरनचा नागरिक

१८४९ मध्ये बाडेनमध्ये क्रांती झाली. लोकांना राजा नको, लोकशाही हवी होती. आता गंमत बघा. ज्याला राजाच्या न्यायाधीशाचा पोरगा म्हणून छळलं, तोच ड्राइस लोकशाहीच्या बाजूने उभा राहिला. त्याने वर्तमानपत्रात जाहीर करून बॅरन ही पदवी सोडली. यापुढे आपण फक्त नागरिक कार्ल ड्राइस, असं सांगून टाकलं.

काही आठवड्यांत प्रशियाच्या सैन्याने क्रांती चिरडली. मग हिशेब सुरू झाले. ड्राइसला वेडा ठरवायचा प्रयत्न झाला, आणि क्रांतीचा खर्च वसूल करायचा म्हणून त्याची पेन्शन जप्त झाली. त्याच्याकडे उत्पन्न म्हणून तेवढीच एक गोष्ट होती.

१० डिसेंबर १८५१ ला कार्ल्सरूहमध्ये तो कफल्लक अवस्थेत गेला. मागे राहिलेल्या चार वस्तूंमध्ये त्याचं धावयंत्रही होतं. त्याच शहराच्या परिसरात तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा वाढत होता, कार्ल बेंझ. पुढे मोटारगाडी करणारा तोच.

विरोधकांनी रंगवलेलं विक्षिप्त, दारूडा बॅरन हे चित्र मात्र बराच काळ टिकलं. १८९० च्या दशकात सायकलींचं युग आल्यावर जर्मन सायकलस्वारांनी कार्ल्सरूहमध्ये त्याचं स्मारक उभं केलं. २०१७ मध्ये, पहिल्या फेरीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, जर्मनीने धावयंत्राचं चित्र असलेलं २० युरोचं नाणं काढलं. पेन्शन काढून घेतलेल्या माणसाच्या नावाने नाणं!

मग डच लोकांनी काय केलं?

नेदरलँड्सने सायकल शोधली नाही. देश सपाट आहे, हा फायदा खरा. पण तेवढ्याने भागलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी आल्या, रस्ते मोटारींसाठी रुंद झाले आणि सायकली घटू लागल्या. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात ४०० हून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांचे खून थांबवा, अशा अर्थाच्या नावाने चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने काही रविवारी गाड्या बंद ठेवल्या, आणि मोकळ्या हायवेवर लोक सायकली घेऊन फिरले.

त्यानंतर हळूहळू सायकलसाठी वेगळे रस्ते, वेगळे सिग्नल, स्टेशनखाली पार्किंग हे सगळं वाढत गेलं. उट्रेख्ट स्टेशनच्या एका पार्किंगमध्ये १२,५०० सायकली मावतात!

म्हणजे १८१७ मध्ये ड्राइसकडे गाडी होती आणि जागा नव्हती. डच लोकांनी ती जागा दिली. त्यासाठी वेगळं मशीन लागलं नाही, त्यांची रोजची सायकल तर आजही शंभर वर्षांपूर्वीच्या साध्या डिझाइनचीच असते.

इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट टोचते. आपण प्रॉडक्ट बनवतो, ते चाललं नाही की प्रॉडक्टमध्येच खोट शोधत बसतो. कधीकधी खोट आजूबाजूला असते. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, की आपल्याकडे लोकांना सायकल चालवायचीच नसते, तर आधी एक प्रश्न विचारा: चालवायची कुठे? हाच प्रश्न डिसेंबर १८१७ मध्ये मानहाइमच्या फुटपाथवरून उतरवलेल्या कार्ल ड्राइसलाही पडला असणार.