जोतीरावांच्या मागे सावित्रीमाई

सावित्रीमाई म्हटलं की आपल्याला भिडेवाडा आठवतो, शाळेत जाताना अंगावर पडलेलं शेण आठवतं. दर ३ जानेवारीला आपण हे सांगतोच. पण जोतीरावांच्या मागे त्या सहा वर्षांहून जास्त जगल्या, त्या वर्षांविषयी फारसं कोणी बोलत नाही. म्हणून इथे तेच सांगतो.

जन्म १८३१ चा, नायगावचा. पोटी मूल झालं नाही. नडलेल्या विधवांसाठी फुले दांपत्याने घरातच बाळंतपणाची सोय केली होती. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला, तोच यशवंत. त्याला डॉक्टर केला. १८८९ साली सत्यशोधक पद्धतीने त्याचं लग्न लावलं. सून राधा हडपसरच्या सासन्यांची. पोरापोरीची ओळख व्हावी, पोरीला चार अक्षरं यावीत म्हणून माईंनी तिला लग्नाआधीच घरी आणून ठेवलं. अशी सासू त्या काळात शोधून सापडली नसती!

१८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला तरी डाव्या हाताने लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. आपल्याला मिठात घालून पुरावं ही त्यांची इच्छा होती, पण नगरपालिकेने परवानगी दिली नाही. दहन करायचं ठरलं, तर भाऊबंद आडवे आले. दत्तकाने टिटवं धरायचं नाही म्हणाले. माई पुढे झाल्या. टिटवं स्वतः हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. विधवेचं तोंड पाहणंही अशुभ मानायचे, तो हा काळ!

पुढे पैशाची ओढाताण होतीच. तरी १८९१ साली यशवंतरावांनी वडिलांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तक छापून काढलं. १८९३ साली सासवडला सत्यशोधक परिषद भरली, तिचं अध्यक्षपद माईंनी भूषवलं. १८९५ साली राधा वारली. लेकीसारखी वाढवलेली सून गेली, म्हातारपणी घर रिकामं झालं.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. सख्खे नातलग रोग्याला टाकून पळत होते. यशवंतराव लष्करी नोकरीत होते, माईंनी त्यांना बोलावून घेतलं. गावाबाहेर हडपसरकडे सासन्यांच्या माळावर दवाखाना सुरू झाला. माई वस्त्यांतून रोगी गोळा करून तिथे आणायच्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचं पोर तापाने फणफणलं होतं. सहासष्ट वर्षांच्या माईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि चालत दवाखान्यात आणलं.

पोर वाचलं. माईंना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्या गेल्या. शेवटपर्यंत औषधपाणी करायला यशवंतरावच होते. ज्या दत्तक पोराचा हक्क भाऊबंदांनी नाकारला होता, तोच.