राजा भोज आणि कातळावरचे नकाशे

राजा भोजाचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळाच. गंगू तेल्याच्या म्हणीतून तो घरोघर पोहोचला आहे. परंतु देवालय कसे बांधावे याचा तो मोठा जाणकार होता, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त त्याची हकीकत येथे देत आहे.

भोज हा माळव्याच्या परमार घराण्यातला. इ. स. १०१० च्या सुमारास तो गादीवर आला. राजधानी धार. सारी हयात लढायांत गेली. कोकण जिंकल्यावर १०२० साली त्याने दिलेल्या दानांचे ताम्रपट उपलब्ध आहेत. पुढे कल्याणीच्या चालुक्यांनी धारच लुटली. अशा धामधुमीतही ‘समरांगणसूत्रधार’ हा ८३ अध्यायांचा वास्तुशास्त्राचा ग्रंथ त्याच्या नावे झाला. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो १९२४-२५ साली छापून निघाला.

देवालय आधी रेघांत उभे राहते, मग दगडांत. जागा चौरस आखावयाची, तिची ६४ किंवा ८१ घरे पाडावयाची. मधली घरे ब्रह्मदेवाची, भोवती इतर देवता. गाभारा, भिंत, शिखर यांची मापे एकमेकांशी बांधलेली. या ग्रंथात भूमिज नावाचा प्रकार आहे. त्यातील काही देवळांचा पाया असा काढतात: चौरस मध्यबिंदूभोवती थोडा थोडा फिरवीत न्यावा, म्हणजे कोपऱ्यांची चांदणी होते. शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी चढत जातात. शके ९८२, म्हणजे १०६० सालचे अंबरनाथचे शिवालय आणि सिन्नरचा गोंदेश्वर हे दोन्ही भूमिज घराण्यातलेच. ज्यांनी पाहिले असतील त्यांना खूण पटेल.

भोपाळजवळ बेतवा नदीकाठी भोजपूरचे शिवमंदिर भोजाचे म्हणून ओळखले जाते. आतील लिंग सुमारे साडेसात फूट उंच. देवळाभोवतीच्या कातळावर कारागिरांनी नकाशेच कोरून ठेविले आहेत: खांब, शिखरे, पायाच्या आखण्या. कागदाला वाळवी लागते, नक्कल गहाळ होते. कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला या कातळाचे मोल चटकन कळते. मागे अवजड दगड वर चढविण्यासाठी केलेला मातीचा उतार आहे. काम संपल्यावर तो काढून टाकतात. येथे तो तसाच राहिला.

कारण काम संपलेच नाही. १०५५ च्या सुमारास गुजरातचा भीम व चेदीचा कर्ण एक होऊन माळव्यावर चालून आले. त्याच सुमारास भोज वारला. भोजपूरच्या देवळावर शिखर चढले नाही, परंतु पूजा चालू आहे, आणि महाशिवरात्रीस तेथे मोठी जत्रा भरते.