हॅमस्ट्रिंग आखडलेत? मग जोसेफ पिलाटेस यांची गोष्ट वाचा

रील्समध्ये ‘पिलाटेस’ हा शब्द सतत दिसतो. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी ते बेजार होते. शरीर कमवायचंच, या जिद्दीने ते व्यायामाकडे वळले. पुढे ते इंग्लंडला गेले. पहिलं महायुद्ध पेटलं आणि ‘शत्रूराष्ट्राचा नागरिक’ म्हणून त्यांची रवानगी छावणीत झाली. तिथे ते इतर कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्यांनी पलंगालाच स्प्रिंगा बांधल्या, असंही सांगितलं जातं.

१९२६ मध्ये ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये जोडीदार क्लारासोबत त्यांनी स्टुडिओ थाटला. जॉर्ज बॅलन्शिन आणि मार्था ग्रॅहम या नृत्यविश्वातल्या दिग्गजांनी आपले नर्तक त्यांच्याकडे पाठवले.

त्यांच्या पद्धतीत वेगळं काय होतं?

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू. ते आखडले की आपण फक्त ताणत बसतो. पिलाटेस यांच्या यंत्रावर पाठीवर झोपून पाय पट्ट्यांत अडकवतात. पाय खाली दाबताना स्प्रिंग विरोध करते. पाय हळूहळू वर सोडताना हॅमस्ट्रिंग लांबतात, पण जोर लावतच. म्हणजे लवचिकता आणि ताकद एकाच हालचालीत.

खेळाडूंसाठी हे महत्त्वाचं आहे. वेगात धावताना पाऊल टेकण्याच्या जरा आधी हे स्नायू ताणलेल्या अवस्थेत पायाला ब्रेक लावतात. धावताना होणाऱ्या हॅमस्ट्रिंगच्या दुखापती बहुतेकदा याच क्षणी होतात. म्हणूनच आजचे प्रशिक्षक स्ट्रेचिंगसोबत ‘नॉर्डिक’सारखे ताकदीचे व्यायामही देतात. मात्र धावताना अचानक कळ आली असेल, तर ताणू नका, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पिलाटेस यांनी आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ असं नाव दिलं होतं आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. डॉक्टरांनी ती स्वीकारावी, ही त्यांची इच्छा मात्र हयातीत पूर्ण झाली नाही. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं.

२००० साली अमेरिकी न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे व्यायामप्रकाराचं सर्वसाधारण नाव असल्याचा निकाल दिला. त्यामुळे त्यावर कुणाचीच मक्तेदारी उरली नाही. आज फिजिओथेरपीतही हे व्यायाम वापरले जातात.